कचेरीतला मदतनिधी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कामाच्या ठिकाणी एखाद्या सत्कार्यासाठी निधी जमवावा का, जमवल्यास तो कसा, आणि त्यातून नेमके कोणाचे भले होते, या विषयावरची बरीच पत्रे साठली होती. त्यांतील पाच पत्रांचा आशय आणि त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करतो. सर्व कर्मचाऱ्यांनी मिळून वर्षातून एकदा एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी निधी जमवावा, असा प्रस्ताव मी मांडला. वरिष्ठांचे म्हणणे असे पडले की, ज्याला द्यायचे तो घरूनही देईल, कामाच्या वेळात हा व्याप कशाला? यातला फायदा त्यांना कसा पटवून द्यावा?

उत्तर : आपल्या वरिष्ठांची शंका रास्त आहे आणि तिला केवळ भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. ‘ज्याला द्यायचे तो घरूनही देईल’ हे विधान ऐकायला बिनतोड वाटते, पण माणसांच्या प्रत्यक्ष वागण्याशी ते जुळत नाही. देण्याची इच्छा असूनही न देणारे पुष्कळ असतात आणि त्यामागे कद्रूपणा क्वचितच असतो. कोणती संस्था खरी, तिला कशाची गरज आहे, पैसे कुठे आणि कसे भरायचे, याची चौकशी करायला सवड होत नाही, आणि आज नाही उद्या म्हणता म्हणता वर्ष सरते. कचेरीत निधी जमवायचे ठरले की ही चौकशी दोघे-चौघे जण सर्वांच्या वतीने एकदाच करतात आणि बाकीच्यांना देणे सोपे होते. शिवाय एकट्याने दिलेली लहान रक्कम देणाऱ्यालाच किरकोळ वाटते. तीच शंभर जणांच्या रकमेत मिसळली की तिच्यातून एखादे ठरावीक काम तडीस गेलेले डोळ्यांना दिसते, आणि पुढच्या खेपेला तो माणूस आपणहून पुढे येतो.

संस्थेच्या बाजूने पाहिले तर सर्वांत मोलाचा असतो तो नियमितपणा. मोठी देणगी बहुधा एखाद्या इमारतीसाठी, यंत्रासाठी किंवा विशिष्ट उपक्रमासाठी बांधलेली असते. शिक्षकांचे पगार, जागेचे भाडे, विजेचे बिल, गाडीचे इंधन यांसाठी पैसे देणारे फार थोडे. पगारातून दरमहा थोडी रक्कम संस्थेकडे वळवण्याची पद्धत याच कारणाने उपयोगी ठरली आहे. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ती कायद्याच्या चौकटीत चालते आणि तेथे देणगीची रक्कम आयकर आकारण्यापूर्वीच पगारातून वळती केली जाते. पुढच्या महिन्यात साधारण किती पैसे येणार हे ज्या संस्थेला ठाऊक असते ती वर्षाचा बेत आखू शकते. जिला ते ठाऊक नसते तिची बरीच शक्ती महिना कसा निभावायचा या विवंचनेत खर्ची पडते.

आता कर्मचाऱ्यांच्या फायद्याकडे वळू. एलिझाबेथ डन, लारा अ‍ॅकनिन आणि मायकेल नॉर्टन यांचे एक संशोधन २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच्या एका भागात, एका कंपनीतील १६ कर्मचारी बोनस मिळण्यापूर्वी आणि मिळाल्यानंतर काही आठवड्यांनी किती समाधानी होते, हे तपासले होते. बोनसची रक्कम किती मोठी होती यापेक्षा, तिच्यातला किती भाग दुसऱ्यांसाठी आणि धर्मादाय कामासाठी खर्च झाला, याच्याशी त्यांच्या समाधानाचा संबंध अधिक जवळचा निघाला. सोळा माणसांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, आणि २०२० मध्ये याच धर्तीचे प्रयोग अधिक मोठ्या गटांवर पुन्हा झाले तेव्हा परिणाम आढळला असला तरी तो पहिल्याइतका ठसठशीत नव्हता, हेही वरिष्ठांना सांगावे. अतिशयोक्ती न केल्यास आपल्या प्रस्तावाचे वजन वाढेलच.

कंपनीच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो अ‍ॅडम ग्रँट, जेन डटन आणि ब्रेंट रोसो यांचा, २००८ मध्येच प्रसिद्ध झालेला अभ्यास. एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीत अडचणीत सापडलेल्या सहकाऱ्यांसाठी एक निधी होता आणि त्यात कर्मचारी स्वतः पैसे घालत असत. ज्यांना मदत मिळाली त्यांना कंपनीबद्दल आपुलकी वाटावी यात नवल नाही. पण ज्यांनी पैसे दिले त्यांचीही कंपनीशी असलेली बांधिलकी वाढलेली आढळली, कारण देताना ते स्वतःकडे कनवाळू माणूस म्हणून पाहू लागले होते आणि ज्या कंपनीने ही सोय केली तिच्याकडेही त्याच नजरेने पाहू लागले होते.

यापलीकडचा एक फायदा कोणत्याही तक्त्यात बसत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. भांडार आणि विक्री या दोन विभागांचा एरवी संबंध येतो तो तक्रारीपुरता. निधीच्या निमित्ताने त्या विभागांतली माणसे एका टेबलाशी बसून पावत्या जुळवतात. वर्षानुवर्षे आवक-जावक नोंदवही सांभाळणाऱ्या लिपिकाला मोठ्या कार्यक्रमाची आखणी बिनचूक जमते, हे साऱ्या कचेरीला तेव्हा प्रथम कळते, आणि विभागप्रमुख त्याला विचारून खुर्च्या मांडतात. दुसऱ्या दिवशी हुद्दे पूर्ववत होतात हे खरे, पण अडलेल्या कागदासाठी फोन केला की पलीकडचा माणूस आता अनोळखी राहिलेला नसतो. हे घडावे म्हणून वेगळ्या सहली आणि शिबिरे योजली जातात. तेथे मात्र एकत्र येण्याला स्वतःपलीकडचे काही प्रयोजन नसते, आणि माणसांना ते जाणवते.

उत्पादन वाढेल किंवा कोणी नोकरी सोडणार नाही, असे आश्वासन मात्र वरिष्ठांना देऊ नका. जिथे पगार वेळेवर होत नाहीत किंवा वागणूक अपमानाची आहे, तिथे कर्मचाऱ्यांकडे देणगी मागणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. आधी ते दुरुस्त करावे आणि मगच निधीचा विषय काढावा.

प्रश्न : मी नुकतीच नोकरीला लागले आहे. आमच्याकडे कुठल्याही कारणासाठी वर्गणी काढायची झाली की एक यादी टेबलावरून टेबलावर फिरते. सर्वांत वर साहेबांचे नाव आणि आकडा असतो. घरची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे. नाही म्हटले तर ते चुकीचे ठरेल का?

उत्तर : अजिबात चुकीचे ठरणार नाही, आणि हे सांगताना मला किंचितही संकोच वाटत नाही. ज्याला नकार देता येत नाही त्याला दान म्हणता येत नाही; तो कर झाला, आणि कर लावण्याचा अधिकार आपल्या साहेबांना नाही.

अशी यादी समोर आली की काय घडते, हे आपण पाहिले असेलच. पेन हातात घेतलेला माणूस लगेच आपले नाव लिहीत नाही. त्याची नजर आधी वरच्या आकड्यावर जाते, मग त्याच्याही वरच्या. साहेबांची बरोबरी करणे शोभत नाही आणि शेजाऱ्यापेक्षा कमी लिहिणे बरे दिसत नाही, म्हणून तो शेजाऱ्याचाच आकडा उतरवतो, आणि यादी पुढे सरकते तसा तोच आकडा एकाखाली एक येत राहतो. शेवटच्या ओळीतल्या शिपायाचा पगार पहिल्या ओळीतल्या माणसाच्या पगाराच्या पासंगालाही पुरत नाही, पण यादी आणणारा समोरच उभा असल्यामुळे तोही तोच आकडा लिहितो. कागदावर सर्वांचा सहभाग दिसतो, परंतु मघाशी सांगितलेला प्रत्येक फायदा त्या क्षणी हातातून निसटलेला असतो, कारण समाधान, आपुलकी आणि सहकाऱ्यांतला जिव्हाळा ही सारी मनापासून देण्याची फळे आहेत.

लोक दबावापोटी किती देतात, याचा अंदाज एका प्रयोगातून येतो. स्टेफानो डेलाव्हिन्या, जॉन लिस्ट आणि उलरिके मालमेंडियर यांनी घरोघरी जाऊन देणगी मागण्याचा अभ्यास केला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. देणगी मागणारे अमुक वेळी येणार आहेत अशी चिठ्ठी आधी दारावर लावली, तेव्हा दार उघडणाऱ्यांचे प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटले. आणि ‘आमच्याकडे येऊ नये’ अशी खूण करण्याची सोय त्या चिठ्ठीवर ठेवली, तेव्हा देणगी मिळण्याचे प्रमाण २८ ते ४२ टक्क्यांनी खाली आले. दारात आलेल्या परक्या माणसाला जर नाही म्हणवत नसेल, तर ज्याच्या शेऱ्यावर आपली बढती अवलंबून आहे त्याला ते कसे म्हणवणार?

हा धोका ओळखून काही ठिकाणी स्पष्ट नियम केलेले आहेत. अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरांसाठी ‘कंबाइन्ड फेडरल कॅम्पेन’ नावाची देणगी मोहीम चालते. तिची मुळे १९६१ सालच्या, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या आदेशात आहेत. वरिष्ठाने आपल्या हाताखालच्या माणसाकडे देणगी मागणे, कोणी दिले आणि कोणी नाही याची विचारपूस करणे, शंभर टक्के सहभागाचे उद्दिष्ट ठेवणे, माणशी रक्कम ठरवून देणे आणि न देणाऱ्यांची यादी करणे, या सर्वांना त्या मोहिमेच्या नियमांनुसार मनाई आहे. कोणत्याही कचेरीने हे पाचही निर्बंध जसेच्या तसे उचलावेत, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

आपण एवढेच करावे : यादी आली की ‘या वेळी मला जमणार नाही’ असे शांतपणे सांगावे. कारण सांगत बसू नये आणि माफीही मागू नये. जे देववेल ते द्यावेसे वाटले तर पाकिटात घालून द्यावे आणि यादीत आकडा लिहिण्याचे टाळावे. आपल्यासारख्याच अवघडलेल्या आणखी दोघी-तिघींना त्यामुळे वाट मोकळी होईल. पुढे ओळख वाढली की यादीऐवजी बंद पाकिटांची पद्धत सुचवता येईल.

प्रश्न : माझा छोटा कारखाना आहे. कामगार जेवढे जमवतील तेवढीच भर मी घालावी, असा विचार आहे. दुप्पट किंवा तिप्पट घातली तर त्यांचा उत्साह वाढेल का?

उत्तर : भर जरूर घाला, दुप्पट-तिप्पट करण्याची गरज दिसत नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५४ साली कर्मचाऱ्यांच्या देणगीत आपली भर घालण्याची योजना सुरू केली, आणि नंतर ही पद्धत पुष्कळ कंपन्यांनी स्वीकारली. तिचा परिणाम डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांनी एका सेवाभावी संस्थेच्या ५०,००० हून अधिक जुन्या देणगीदारांना पत्रे पाठवून तपासला आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘तुमच्या देणगीत आणखी भर पडेल’ असे लिहिल्याने देणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांनी आणि दर पत्रामागे मिळणारी रक्कम १९ टक्क्यांनी वाढली. पण भर एकास एक, एकास दोन की एकास तीन, याने काहीच फरक पडला नाही. तेव्हा एकास एक भर घालावी आणि उरणारे पैसे पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावेत.

एक पथ्य मात्र पाळा. निधी कोणत्या कामासाठी जावा, हे कामगारांना ठरवू द्या. मालकाच्या आवडीच्या संस्थेसाठी कामगारांनी पदरमोड करायची आणि छायाचित्रात धनादेश मालकाने द्यायचा, असा प्रकार झाला तर पुढच्या वर्षी आपल्याला भर घालायला फारसे काही मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीची मोठी शस्त्रक्रिया होती, तेव्हा लोकांनी सढळ हाताने पैसे दिले. काही महिन्यांनी आम्ही एका रुग्णसेवा संस्थेसाठी आवाहन केले, तर त्याच लोकांनी जेमतेम प्रतिसाद दिला. माणसे इतकी बदलतात का?

उत्तर : माणसे तीच आहेत, त्यांच्यासमोर ठेवलेले चित्र बदलले. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उपासमारीने ग्रासलेल्या लाखोंची आकडेवारी वाचलेल्यांपेक्षा, एका लहान मुलीची हकिगत वाचलेल्यांनी दुपटीहून अधिक रक्कम दिली. तिच्या हकिगतीला आकडेवारी जोडली, तेव्हा देणगी वाढण्याऐवजी कमी झाली. आपल्या आवाहनात बहुधा संस्थेची स्थापना, खाटांची संख्या आणि वार्षिक खर्च एवढेच असावे. पुढच्या वेळी संस्थेतल्या परिचारिकेला अर्धा तास बोलवा आणि तिचा एक दिवस कसा जातो ते तिच्याच तोंडून ऐकू द्या. अ‍ॅडम ग्रँट यांनी एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची भेट, त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी, अवघी पाच मिनिटे घडवून आणली. महिन्याभरानंतर त्या कर्मचाऱ्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमणारी रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. त्यांना कोणी नवे कौशल्य शिकवले नव्हते. आपण जमवलेला पैसा कोणाच्या उपयोगी पडतो, एवढेच त्यांनी पाहिले होते.

मात्र आपल्या पत्रातून आणखी एक प्रश्न निघतो आणि तो मला अधिक टोचतो. ज्या सहकाऱ्यासाठी पैसे जमले तो सर्वांच्या ओळखीचा, बोलका, मदतीला धावणारा असणार. उद्या तेवढीच अडचण एखाद्या अबोल माणसावर, रात्रपाळीच्या रखवालदारावर किंवा कंत्राटी सफाई कामगारावर आली, तर यादी कोण फिरवणार? ओळखीवर चालणाऱ्या वर्गणीत गरजेपेक्षा लोकप्रियतेला अधिक मिळते, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याला मागायलाही तोंड नसते. म्हणून अशा कामासाठी एक कायमचा निधी असावा, त्यात इच्छुकांनी दरमहा अगदी अल्प रक्कम घालावी, मदत कोणत्या प्रसंगी आणि किती मर्यादेपर्यंत द्यायची याचे नियम आधीच लेखी असावेत, आणि निर्णय तीन-चार विश्वासू सहकाऱ्यांनी घ्यावा. कंत्राटी माणसांनाही त्यात जागा हवी. मदत घेणाऱ्याचे नाव समितीबाहेर जाता कामा नये. अनेक स्वाभिमानी माणसे केवळ वाच्यतेच्या भीतीने अर्ज करत नाहीत.

प्रश्न : आपत्तीच्या वेळी आमच्या कचेरीत कपडे आणि वस्तू गोळा करण्याचा आग्रह होतो. काहींच्या मते पैसेच द्यावेत, पण पैशांचा हिशेब नीट राहत नाही असा पूर्वीचा अनुभव आहे. काय करावे?

उत्तर : पैसेच द्यावेत. २००४ च्या हिंदी महासागरातील त्सुनामीनंतर अनेक ठिकाणी वापरलेल्या कपड्यांचे ढीग पडून राहिले आणि ते निवडण्यात, हलवण्यात मदत करणाऱ्यांचाच वेळ गेला. पैशांतून जवळच्या बाजारातून नेमके हवे ते घेता येते आणि तिथल्या दुकानदारांचाही धंदा पुन्हा उभा राहतो. एखाद्या संस्थेने स्वतः यादी देऊन विशिष्ट वस्तू मागितली असेल, तरच ती पाठवावी.

हिशेबाची तक्रार खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय कठीण नाही. शक्य तोवर पैसे कोणा सहकाऱ्याच्या खात्यात किंवा खणात येऊच देऊ नयेत. प्रत्येकाने ते थेट संस्थेच्या खात्यात भरावेत आणि पावती स्वतःच्या नावाने घ्यावी. करसवलतीचे नियम देशोदेशी वेगळे असले तरी ती मिळवण्यासाठी स्वतःच्या नावाची पावती बहुधा लागतेच, आणि एकत्र जमवून एकाच्या नावाने भरलेल्या रकमेचा बाकीच्यांना कराच्या दृष्टीने उपयोग होत नाही. रोख घ्यावी लागलीच तर ती दोघांनी मिळून मोजावी, दोघांनी सही करावी आणि त्याच दिवशी भरावी. शेवटी एका पानाचा हिशेब सूचनाफलकावर लावावा : एकूण किती जमले, बँकेचा आकार किती गेला, संस्थेला कोणत्या तारखेला किती पोहोचले, आणि खाली संस्थेच्या पावतीची प्रत. कोणी किती दिले, हे त्या पानावर नसावे. संस्थेची नोंदणी आणि लेखापरीक्षण झालेला मागील वर्षाचा हिशेब आवाहन करण्यापूर्वीच पाहून घ्यावा. जी संस्था तो दाखवायला टाळाटाळ करते तिच्यासाठी सहकाऱ्यांपुढे हात पसरू नयेत. गरजेपेक्षा जास्त रक्कम जमली, तर उरलेले पैसे कुठे जातील, हेही आवाहनातच लिहावे, म्हणजे नंतर त्यावरून वाद होणार नाहीत.